सात नंबरचं उत्तर

माझं नाव मानसिंग. माळशेंद्रे नगरपालिकेच्या समोर, जिन्याखाली, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, मशीन आणि मी एवढंच आत मावतं, गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. लोक मला तापट म्हणतात. म्हणू देत. दिवसभर 'दोन्ही बाजूनं मारा', 'न्हाई न्हाई, एकाच बाजूनं मारा', 'आधार कार्डावरचा फोटो जरा गोरा येतो का बघा' हे ऐकून बघा आणि मग बोला. पण मी माझं सांगायला बसलेलो नाही. सांगायचंय ते अंजनाताई खरातांचं. त्या दिवशी गावात जे झालं त्याचं श्रेय अकरा जणांनी घेतलं, चौघांनी फ्लेक्स लावले, आणि ताईंचं नाव एकानंही काढलं नाही. माझ्या डोक्यातून ते जात नाही.

आमचं गाव असं आहे, की साताऱ्याचे म्हणतात तुम्ही सांगलीचे आणि सांगलीचे म्हणतात तुम्ही साताऱ्याचे. काम निघालं की दोन्हीकडचे ओळख दाखवत नाहीत. त्यामुळं इथं अर्ज फार करावे लागतात, आणि अर्ज म्हटलं की अंजनाताई. माझ्या दुकानाला लागून त्यांचं चौकोनी टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची आणि उन्हाला छत्री. अकरा वर्षं झाली.

ताई मूळच्या म्हसवडच्या. वडील फौजेत क्लार्क होते. सुट्टीवर आले की इतरांचे बाप पोरींना बाहुली आणायचे, हे कोरे फॉर्म आणायचे. पोरीला समोर बसवून सांगायचे, विषय एका ओळीत मावला पाहिजे, मावला नाही तर तुला तो कळलाच नाही असं समज. ताई लग्न होऊन इकडं आल्या, नवरा लवकर गेला, आणि त्यांनी वडिलांची विद्या टेबलावर मांडली. माणूस त्यांच्यापुढं बसून अर्धा तास भावाला, भावजयीला आणि तलाठ्याला शिव्या घालतो. ताई मान हलवत ऐकतात आणि मग चार ओळी लिहितात. त्या चार ओळी वाचून तोच माणूस म्हणतो, व्हय, मला हेच म्हणायचं हुतं.

एक गोष्ट मात्र मला त्यांची पटायची नाही. शेजारी चहाचा गाडा. मी दिवसातनं सहा वेळा चहा मागवतो, आणि सहाही वेळा ताईंना विचारतो. नको म्हणायच्या. उन्हाळ्यात माझ्या माठातलं पाणी दिलं, तरी नको. मला वाटायचं बाई लय ताठ आहे. एकदा डोकं फिरलं आणि मी म्हटलं, आमच्या चहात काय इख कालवलंय का? ताई म्हणाल्या तसं न्हाई भाऊ, आणि खाली मान घालून लिहीत राहिल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तर मधली काही वर्षं पालिकेत प्रशासक होता. निवडणूक नाही, नगरसेवक नाहीत, सभा नाही. मग एकदाची निवडणूक झाली आणि नवं सभागृह बसलं. विरोधी बाकावर लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा की समोरच्याची पावलं आपोआप जुळतात. नगराध्यक्ष वीरधवल. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणून मी 'तो' म्हणतोय. सहा फूट उंच, तालमीत मुरलेला, कोंबड्यांच्या शेडवर मोठा झालेला. मनानं वाईट नाही. लग्नात माईक दिला तर नवरा-नवरीला घास गोड लागू देत नाही इतकं बोलतो. पण सभागृहात समोर सरकारी कागद आला की त्याची बोलती बंद. पहिल्या सभेत कार्यालयानं लिहून दिलेल्या उत्तरात एक असा शब्द आला, की तो त्या शब्दापाशी थांबला, तीन पेले पाणी प्याला, आणि सभा तहकूब केली.

नियम असा, की नगरसेवकानं प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यायचे. लालासाहेब सरळ अंजनाताईंकडं आले. त्यांनी तोंडानं गर्जना केली, ताईंनी दहा प्रश्न करून दिले. तीन दिवसांनी नगराध्यक्षाचा ड्रायव्हर तेच दहा प्रश्न घेऊन आला. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, कार्यालयाची मराठी साहेबांच्या तोंडात बसत न्हाई, तवा उत्तरं तुमी लिवा. ताईंनी तीही लिहिली. दोन्हींची झेरॉक्स मी मारली.

हसू नका. सभा एकदम दणक्यात झाली. लालासाहेबांनी विचारलं, ही बाब गंभीर नाही काय? नगराध्यक्ष म्हणाला, ही बाब गंभीर आहे याची पालिकेस जाणीव आहे. लालासाहेबांनी कागद उलटून उपप्रश्न टाकला, जाणीव असेल तर कृती का नाही? नगराध्यक्षानंही कागद उलटला, त्याचंही उत्तर मागं लिहिलेलं होतंच. 'माळशेंद्रे लाइव्ह' म्हणून आमच्यात एक मोबाइलवरचं चॅनेल आहे. त्यानं सांगितलं, अभ्यासू विरोधक आणि तितकाच अभ्यासू नगराध्यक्ष गावाला प्रथमच लाभला. ते दोन्ही अभ्यासू माझ्या दुकानासमोर एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, हे फक्त मला माहीत होतं. ताईंनी मला बजावलं होतं, हिकडचा शब्द तिकडं गेला तर माजं टेबल गेलं म्हणून समजा. मी तोंडाला कुलूप लावलं, आणि माझ्या तोंडाला कुलूप म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा.

वीरधवलची एक खोड मात्र तेव्हाच दिसली होती. प्रश्न वाचला जात असताना तो मोबाइलमध्ये कोंबडीचा भाव बघायचा. समोरचा आवाज थांबला की मान वर करायचा आणि पुढच्या नंबरचं उत्तर वाचायचा. प्रश्न काय होता याच्याशी त्याचा काही संबंध नसायचा. नंबर ओळीनं होते म्हणून निभावत होतं.

आता मुद्द्यावर येतो. पालिकेच्या डाव्या अंगाला भाजी मंडई आहे. मंडईच्या कडेला, प्रशासकाच्या काळात, बायकांसाठी शौचालय बांधलं. गुलाबी फरशी, वर टाकी, सगळं झकास. आणि दाराला दीड वर्षं कुलूप. कारण काय, तर संगमरवरी पाटी. पाटीवर 'यांच्या शुभहस्ते' एवढं कोरलेलं, आणि त्याच्या वर नावाची जागा मोकळी. सत्ताधारी म्हणतात आमचं नाव, विरोधक म्हणतात मंजुरी आमच्या काळातली. प्रश्न कुणी विचारायचा नाही, कारण प्रश्न विचारला तर दुसरा झटकन उद्घाटन उरकेल. मंडईत तीस-चाळीस बायका पहाटेपासून बसतात. त्यांनी काय करायचं, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही आला नव्हता, उगाच साव बनत नाही.

श्रावणात एका दुपारी ताईंनी टेबलावर डोकं टेकलं ते उचलेनात. अंग तापलेलं. मी शटर ओढलं, रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या बाई ताईंना सोडून माझ्यावरच ओरडल्या. लघवीचं इन्फेक्शन, वर्षातलं तिसरं, आता किडनीवर जाईल, दिवसभर पाणी पीत नाहीत तुमच्या ह्या, एक तर पाणी प्या नाहीतर ते काम सोडा. मी कोण हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

परतताना रिक्षात ताई म्हणाल्या, "सकाळी घरातनं निघताना जाते, ती संध्याकाळी घरी गेल्यावर. मधी पाणी पिऊन जाऊ कुठं, भाऊ?"

मला अकरा वर्षांचे चहा आठवले. माझ्या दुकानामागं पालिकेच्या जुन्या गोदामाची भिंत आहे. आम्हा पुरुषांचं काय, भिंत दिसली की झालं. मीसुद्धा सहा चहा पिऊन सहा वेळा त्या भिंतीकडं जात होतो, आणि येताना विचारत होतो, ताई, चहा? मला लय लाज वाटली. ताई पुढं म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघते, कुलूप निघालं तर ठीक, नाहीतर टेबल उचलते आणि म्हसवडला भावाकडं जाते. तिथं काय करणार म्हटलं, तर म्हणाल्या, भावाच्या घरात बाथरूम हाय.

पुढच्या सभेच्या वेळी त्यांनी लालासाहेबांच्या प्रश्नांत शौचालय घातलं. लालासाहेबांनी वाचलं आणि लाल पेनानं फुली मारली. म्हणाले, "अंजनाताई, सभा आता मोबाइलवर दिसती. घरी नातसुना बघत्यात. मी उभा राहून हे बोलू?" पाकिस्तानच्या हद्दीवर उभा राहिलेला माणूस, पण त्या एका शब्दाला घाबरला. मग ताई मंडई वॉर्डाच्या नगरसेविका स्वप्नाली यांच्याकडं गेल्या. ती पोरगी तयार होती, पण सत्ताधारी. तिच्या गटाच्या पुढाऱ्यांनी दम दिला, आपल्याच नगराध्यक्षाला आपण प्रश्न विचारायचा व्हय?

दिवाळीच्या आधीची शेवटची सभा लागली. ताईंनी पुन्हा दहा प्रश्न लिहिले, आणि सातवा तोच. लालासाहेब त्या दिवशी चष्मा घरी विसरले होते. न वाचता सही ठोकली. प्रश्न पालिकेत गेले, छापील यादीत आले, आणि रिवाजाप्रमाणं ड्रायव्हर उत्तरांसाठी घेऊन आला.

ताईंची उत्तरं मला पाठ होती. 'कार्यवाही प्रगतिपथावर आहे', 'प्रस्ताव विचाराधीन आहे', 'अहवाल मागविण्यात आला आहे', यापलीकडं त्या कधी जात नसत. नगराध्यक्षाच्या तोंडात त्यांनी स्वतःचा शब्द कधी घातला नव्हता, तो त्यांचा धर्म होता. मी मशीनवर कागद ठेवला आणि सात नंबरवर नजर पडली. 'सदर महिला शौचालय आज दुपारी ठीक चार वाजता खुले करण्यात येईल. उद्घाटन समारंभ होणार नाही.' माझा हात बटणावरच राहिला. मी म्हटलं, ताई, हे त्यानं सांगितलंय?

"न्हाई," ताई म्हणाल्या. "मीच लिवलंय. पकडलं तर टेबल जाईल, न्हाई लिवलं तरी जाईल. मारा झेरॉक्स."

मी मारली. गुन्ह्यात मीही भागीदार.

सभेच्या दिवशी सकाळी लालासाहेब जादा प्रत घ्यायला आले, आणि आज डोळ्यावर चष्मा होता. काउंटरवर उभ्या उभ्या वाचत सातवर आले. हे परत कुणी घातलं, असं पुटपुटत त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि सातव्यावर फुली मारली. सहा झाला की एकदम आठ, असं स्वतःलाच बजावून गेले. ताई बघत होत्या. पण दुसऱ्यानं सही केलेल्या कागदावर त्या काय बोलणार? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. माझा जीव नुसता तुटत होता, आणि तेवढ्यात एक जण म्हणाला, आधार कार्ड मोठं करा. त्याच्यावर मी जे ओरडलो ते इथं सांगत नाही.

अकराला सभा सुरू झाली. मी मोबाइल काउंटरवर उभा केला. ताई बघायला तयार नव्हत्या, पाठ करून बसल्या होत्या. मंडईतल्या चार-पाच बायका मात्र येऊन उभ्या राहिल्या. सहाव्या प्रश्नापर्यंत सगळं रीतसर चाललं. सहावा भटक्या कुत्र्यांचा होता. नगराध्यक्षानं सांगितलं अहवाल मागविण्यात आला आहे, कुणाकडून ते कुत्र्यांनाच ठाऊक. मग लालासाहेबांनी पान उलटलं, घसा साफ केला, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "प्रश्न क्रमांक आठ! स्मशानभूमीच्या रस्त्यावरील दिवे गेली दोन वर्षे बंद आहेत, हे खरे आहे काय?"

आवाज थांबला. वीरधवलनं कोंबडीच्या भावातून मान वर काढली, कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं, "सदर महिला शौचालय आज दुपारी ठीक चार वाजता खुले करण्यात येईल. उद्घाटन समारंभ होणार नाही."

मुख्याधिकाऱ्यांच्या हातातलं पेन खाली पडलं, तो आवाजही मोबाइलवर ऐकू आला. लालासाहेब तोंड उघडं ठेवून उभे. आणि पोरगी बघा, स्वप्नाली ताडकन उठली. बाक वाजवत म्हणाली, नगराध्यक्षांचं सभागृहाच्या वतीनं अभिनंदन, हे इतिवृत्तात घ्या. तिनं बाक वाजवल्यावर सगळ्या नगरसेविकांनी वाजवले, बाया पक्ष बघायला थांबल्या नाहीत. श्रेय चाललंय हे दिसताच लालासाहेब भानावर आले आणि गरजले, प्रश्न माझा आहे, छापील यादीत सात नंबर बघा, सही माझी आहे! ते तर खरंच होतं. मघाशी ज्याच्यावर फुली मारली तोच कागद ते आता हवेत नाचवत होते. वीरधवलला काय झालं ते कळलं नव्हतं, पण टाळ्या त्याला कळतात. कुणीतरी पुन्हा वाचा म्हटलं. त्यानं उठून उभं राहून, लग्नातल्या आवाजात, पुन्हा वाचलं.

पुढची उत्तरं मग एकेक नंबरनं घसरत गेली. बागेच्या प्रश्नाला स्मशानातले दिवे, करवाढीला बागेतले झोपाळे. कुणाचंही लक्ष नव्हतं.

माझ्या दुकानापुढच्या बायकांनी ताईंना गदागदा हलवलं. ताई वळल्या. मोबाइलकडं बघितलं आणि काढलेली शाईची बाटली पुन्हा खणात ठेवली. पण आता पुढचं संकट पालिकेच्या जिन्यावरून खाली येणार होतं.

आलंच. मुख्याधिकाऱ्यांनी वर सगळं समजावून सांगितलं असणार. वीरधवल लालबुंद तोंडानं रस्ता ओलांडून थेट टेबलापुढं उभा राहिला. ताई उठल्या. मी काउंटरवरून बाहेर आलो. तो सहा फूट आणि मी साडेपाच, पण आलो. त्याचे ओठ हलायला लागले, तोवर मंडईतल्या बायकांनी त्याला गराडा घातला. एकीनं झेंडूची माळ घातली, एकीनं हातात मेथीची जुडी दिली. चॅनेलवाला कॅमेरा रोखून उभा. वीरधवलनं एकदा ताईंकडं बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडं, आणि गळ्यातली माळ सारखी केली. चारला या म्हणावं सगळ्यांनी, एवढंच म्हणाला.

चार वाजता सगळं गाव तिथं. किल्ली ठेकेदाराकडं, आणि ठेकेदार पाटणला मेव्हण्याच्या पोराच्या बारशाला. फोन उचलेना. कॅमेरा चालू. शेवटी वीरधवलनं बाह्या सारल्या, दगड उचलला आणि दोन घावांत कुलूप पाडलं. लालासाहेबांनी खिशातून रिबीन काढली. माणूस तयारीनंच आला होता. रिबिनीचं एक टोक कुणी धरायचं यावरून दोन्ही बाजूंची हमरीतुमरी सुरू झाली. बायकांनी तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी ताईंना पुढं केलं, तुमी आदी जावा म्हणाल्या. ताई नको नको करत होत्या. एका माळव्यावालीनं पाठीला हात लावून त्यांना आत ढकललं.

दार लागलं. बाहेर चाळीस पुरुष, एक नगराध्यक्ष, एक सुभेदार, एक कॅमेरा. सगळे इकडं तिकडं, आभाळात, चपलांकडं बघायला लागले. रिबीन खाली लोंबत होती.

ताई बाहेर आल्या. त्या लगेच बाजूला झाल्या नाहीत, दारातच थांबल्या. वीरधवल हसतमुखानं पुढं झाला, म्हणाला, ताई, कसं वाटतंय, चार शब्द सांगा.

"नळाला पाणी न्हाई," ताई म्हणाल्या.

टाकी होती, नळ होता, जोडणी कुणी केलीच नव्हती. लालासाहेबांचा हात सवयीनं पेनाकडं गेला. ताई, लिवा, पुढच्या सभेला पहिला प्रश्न, ते म्हणाले. वीरधवलही घाईनं म्हणाला, आणि उत्तर पण लिवून ठेवा, कार्यवाही सुरू आहे म्हणून. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांनाही त्या क्षणी सगळं कळलं. कॅमेऱ्यापुढं बोलायची सोय नव्हती.

ताईंनी अकरा वर्षं जे लिहिलं त्याच्याखाली सही दुसऱ्याचीच असायची. त्या दिवशी त्यांच्या हातात कागद नव्हता, पेन नव्हतं.

"आज लिवून देणार न्हाई," त्या म्हणाल्या. "तोंडी इचारते. पाणी कवा जोडताय?"

वीरधवलचा हात कागदासाठी खिशाकडं गेला. खिशात मेथीची जुडी होती. मोबाइल ड्रायव्हरकडं होता. मुख्याधिकारी दुसरीकडं बघत होते. सहा फुटांचा माणूस, कपाळाला घाम फुटला. ताई दारातून हलल्या नाहीत, त्यांच्यामागं बायकांची रांग मंडईच्या फाटकापर्यंत गेली होती.

"आत्ता जोडतो, ताई," वीरधवल म्हणाला, आणि ते एकच उत्तर त्यानं न बघता दिलं.

मग ड्रायव्हरकडनं मोबाइल घेऊन त्यानं प्लंबरला स्वतः फोन लावला. नळातून पाणी पडेपर्यंत ताई दारात उभ्या होत्या, आणि कॅमेरा बंद झाल्यावरसुद्धा नगराध्यक्षाला तिथून हलता आलं नाही.